नव्या फिश टँकमधले मासे टिकत नाहीत : काय आणि कोणत्या क्रमानं तपासायचं

मासे मरायला लागले की आधी एक कागद घ्या आणि तारखा लिहा. टाकीत पाणी कधी भरलं, मासे कधी सोडले, पहिला मासा कधी गेला, मध्ये टाकी धुतली का, लाइट गेली होती का, घरात पेस्ट कंट्रोल झालं का. नव्या टाकीतलं दुखणं बहुतेक वेळा या तारखांवरूनच ओळखता येतं. औषधाची बाटली सर्वात शेवटी. पहिल्या दोन महिन्यांत मासे मरतात ते रोगानं कमी आणि पाण्यानं जास्त. निळं-पिवळं औषध ओतलं की बिघडलेलं पाणी आणखी बिघडतं, आणि जगलेले मासेही जातात.

लक्षणं

सोडल्यावर काही तासांत ते एका दिवसात मासे सैरावैरा पळतात, उड्या मारतात, मग आडवे होतात: क्लोरीन, तापमानाचा धक्का, किंवा पाण्यात गेलेलं काही विष (साबण, मच्छरांचा स्प्रे, तांबं).

तिसऱ्या ते दहाव्या दिवसादरम्यान रोज एक-दोन मासे जातात. त्याआधी पर अंगाला चिकटवून तळाशी बसतात, खात नाहीत, कल्ले लालभडक दिसतात. पाणी दुधाळ झालेलं असतं. हा अमोनिया (तो काय, ते पाचव्या पायरीत).

दोन ते पाच आठवड्यांनी, सगळं स्थिरावलं असं वाटत असताना, मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतात. फुगे चालू असूनही टाकतात. कल्ले तपकिरी पडतात. हा नायट्राइट.

फक्त पहाटे मासे वर येतात आणि दिवसा ठीक असतात: रात्री ऑक्सिजन कमी पडतोय.

टाकी लख्ख धुतल्यावर दोन-चार दिवसांत मर सुरू झाली: फिल्टरमधले जिवाणू धुवून गेले.

नवा मासा आणल्यावर आठवडाभरात अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले, मासे खडीला अंग घासतात: हा खरा रोग. यावर शेवटी लिहिलं आहे.

खालचा क्रम फुकट तपासणीपासून महागाकडे जातो. मधली पायरी गाळू नका. खालच्या पायऱ्यांमधले आकडे वरच्या पायऱ्या नीट असतील तरच खरे येतात.

१. डोळे, नाक आणि हात (खर्च शून्य)

मासे मोजा. एखादा कमी दिसला तर शोभेच्या वस्तूंमागे, फिल्टरच्या नळीत, टाकीच्या मागे जमिनीवर बघा. कुजणारा एक मासा लहान टाकीतलं पाणी एका रात्रीत नासवतो. तळाशी न खाल्लेले दाणे पडले असतील तर पाइपनं ओढून काढा.

खाणं दोन दिवस पूर्ण बंद. घरातल्यांना, विशेषतः लहान मुलांना आणि आजी-आजोबांना, हे नीट समजावून सांगा. कोणीतरी प्रेमानं गुपचूप चिमूट टाकतंच. निरोगी मोठा मासा तीन-चार दिवस उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. पोटात गेलेला आणि न गेलेला प्रत्येक दाणा शेवटी अमोनियाच होतो. पुढे सुरू कराल तेव्हा दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

टाकी कुठं ठेवली आहे तेही बघा. देवघराच्या शेजारी उदबत्ती, पलंगाजवळ मच्छरांची कॉइल किंवा लिक्विड मशीन, स्वयंपाकघरात झुरळांचा स्प्रे. एअर पंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो. मच्छर-झुरळांच्या औषधांत पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात. माणसाला ती फारशी जाणवत नाहीत, माशांना मात्र अत्यंत विषारी असतात. स्प्रे मारायचाच असेल तर पंप बंद करून टाकीवर ओलं फडकं टाका, खिडक्या उघडा, वास गेल्यावर पंप लगेच सुरू करा. पेस्ट कंट्रोल असेल तर टाकी त्या खोलीत ठेवूच नका.

आणि हात. साबण, सॅनिटायझर, हळद-तेलाचे हात टाकीत नकोत. टाकीसाठी वेगळी बादली आणि वेगळा मग ठेवा आणि त्यांवर मार्करनं ‘मासे’ असं लिहा. कपड्यांची पावडर लागलेली बादली कितीही विसळली तरी या कामाला वापरू नका.

२. फिल्टर आणि एअर पंप रात्री बंद होतोय का?

आवाज होतो म्हणून रात्री पंप बंद करायची सवय कोल्हापुरातच काय, सगळीकडे आहे. नव्या टाकीचं सर्वात जास्त नुकसान त्यानंच होतं. फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणाऱ्या जिवाणूंना वाहतं, ऑक्सिजनचं पाणी सतत लागतं. काही तास पाणी थांबलं की ते मरू लागतात, आणि सकाळी पंप लावला की तीच कुजकट घाण टाकीत येते. फिल्टर चोवीस तास चालू. आवाज येत असेल तर पंपाखाली स्पंजचा तुकडा ठेवा किंवा पंप दोरीनं टांगा. पंप पाण्याच्या पातळीच्या वरच ठेवा, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येतं. खाली ठेवणं भागच असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. तो अगदी स्वस्त मिळतो.

पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. मे महिन्यात पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवलेल्या टाकीत म्हणूनच मासे पहाटे तोंड वर काढतात. उन्हाळ्यात पंचगंगेत तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या येतात. सांडपाण्यानं तिथंही पाण्यातला ऑक्सिजनच संपलेला असतो. टाकीत उपाय सोपा आहे: झाकण थोडं उघडं, पाण्याचा पृष्ठभाग हलता, आणि दुपारी टेबल फॅनचा झोत पाण्यावरून जाईल असा लावा. तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. बर्फ टाकू नका.

लाइट वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. तो हाताशी नसेल तर मगानं टाकीतलंच पाणी काढून एक फुटावरून परत ओतायचं, दर अर्ध्या तासानं दहा-बारा वेळा. कष्टाचं आहे, पण मासे वाचतात.

३. लिटर मोजा, मासे मोजा

लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले १०००. दोन फुटी टाकी (६० × ३० × ३०) कागदावर ५४ लिटरची होते. खडी, शोभेच्या वस्तू आणि वरची मोकळी जागा सोडली की हातात ४५ लिटर पाणी येतं. पुढचे सगळे डोस या ४५ वर काढायचे.

एवढ्या टाकीत सुरुवातीला चार-पाच लहान मासे, बस: झेब्रा डॅनिओ, प्लॅटी किंवा गप्पी. पुढचे दीड महिन्यानं. गोल्डफिश दिसायला गरीब, पण खाणारा आणि घाण करणारा मासा आहे, आणि दोन फुटी टाकी त्याला फार दिवस पुरत नाही. काचेच्या गोल भांड्यात तर तो ठेवूच नये. ‘शार्क’ म्हणून विकतात तो पंगासियस जातीचा मासा निसर्गात मीटरभर वाढतो. ‘टाकी साफ करतो’ म्हणून गळ्यात मारलेला सकर फुटाच्या वर जातो, आणि साफ करतो त्याहून जास्त विष्ठा टाकतो. जास्त झालेले मासे दुकानदाराला परत द्या, ओळखीच्या मोठ्या टाकीवाल्याला द्या. रंकाळा-कोटीतीर्थ तलावांत किंवा पंचगंगेत सोडू नका. सकर एकदा तळ्यात रुजला की तिथल्या मूळ माशांची जागा घेतो, आणि मग त्याला काढणं कोणाच्याच हातात राहत नाही.

४. पाणी कुठलं आणि कशात साठवलं?

पंचगंगेचं असो वा काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि असायलाच हवा. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक लागतो. आपल्याला तो जाणवतही नाही, माशाचे कल्ले मात्र त्यानं जळतात, आणि फिल्टरमधले जिवाणूही मरतात. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ झालं की तुरटी आणि क्लोरीनची मात्रा वाढते. जूनपर्यंत सरळ नळाचं पाणी टाकून चाललं आणि जुलैत सगळे मासे गेले, याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहरात टँकर फिरले. टँकरच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती पडली हे सांगता येत नाही. असं पाणी तपासल्याशिवाय टाकीत घालूच नका.

तपासायला ओटी टेस्टची बाटली घ्या. ग्रामपंचायतीचे पाणी कर्मचारी वापरतात तीच. नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. तपासलेलं पाणी मोरीत ओता, टाकीत नाही.

क्लोरीन घालवायचे दोन मार्ग. पहिला फुकट: रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी २४ तास उघडं ठेवा, शक्यतो एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बारीक फुगे सोडणारा दगड) सोडून. झाकणबंद बॅरलमध्ये किंवा गच्चीवरच्या टाकीत ते तितकं निघून जात नाही. दुसरा मार्ग अँटीक्लोर, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. दुकानातली बाटली असेल तर तिच्यावरच्या मापानं घाला. सुटे खडे आणले तर १० ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली द्रावण करा. नळाच्या १० लिटर पाण्याला १ मिली पुरतं, पावसाळ्यात २ मिली. थोडं जास्त पडलं तर बिघडत नाही, कमी पडलं तर बिघडतं. द्रावण महिन्याभरात संपवा.

तांब्याच्या हंड्यातलं, कळशीतलं, बंबातलं पाणी टाकीत कधीही घालू नका. पिण्याला चांगलं म्हणून माशांनाही चांगलं, असं समजून भलेभले चुकतात. तांबं माशांना अगदी थोड्या प्रमाणात विषारी असतं, मऊ (कमी क्षारांच्या) पाण्यात जास्तच. गोगलगायी आणि झिंगे तर आधी जातात. तळाशी टाकलेली नाणी, पितळी मूर्ती, तांब्याची तार हेही काढा.

बोअरचं पाणी वापरत असाल तर त्यात क्लोरीन बहुधा नसतो, पण जमिनीतून वर येताना ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तेही एक दिवस फुगे सोडून मगच वापरा. नदीचं पाणी आणि बोअरचं पाणी आलटून-पालटून घालू नका. माशाला जड पाणी चालतं, हलकंही चालतं, दर आठवड्याला बदलणारं चालत नाही.

५. अमोनिया आणि नायट्राइट मोजा

पैसे खर्च करायची पहिली जागा ही. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट घ्या. पट्टी ओलसर हवेत लवकर खराब होते, आणि आपल्याकडचा पावसाळा तिला सोसत नाही. दोन किट पुरे: अमोनिया आणि नायट्राइट.

आत काय चाललंय ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्या चुका इथंच होतात. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. एका गटाचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचा नायट्रेट. पहिली दोन विषं, तिसरा बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते स्पंजला, खडीला, काचेला चिकटून वाढतात आणि फार हळू वाढतात. पूर्ण साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, हिवाळ्यात जास्त. टाकी मुरावी लागते ती अशी. दुकानदार ‘चोवीस तास पाणी चालू ठेवा, मग मासे सोडा’ म्हणतो. त्या चोवीस तासांत क्लोरीन जातो, काचेचे सांधे गळतात का ते कळतं. जिवाणू मात्र तयार होत नाहीत.

सर्वात चांगला उपाय पैशानं मिळत नाही, ओळखीनं मिळतो. ज्यांची टाकी सहा महिने निरोगी चालली आहे त्यांच्या फिल्टरमधल्या मळकट स्पंजचा तुकडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये घाला. दुधाला विरजण लावतात तसंच. तुकडा त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणायचा, वाळू द्यायचा नाही, तासाभरात बसवायचा. ज्या टाकीत नुकतेच मासे मेले तिथून मात्र आणू नका.

किटवर वाचलेला आकडा, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये:

०.२५ : खाणं बंद, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.
०.५ : त्याच दिवशी पाव ते निम्मं पाणी बदला.
१ किंवा जास्त : निम्मं पाणी लगेच, आणि बारा तासांनी पुन्हा निम्मं. दोनदा निम्मं बदललं की विष पाव उरतं आणि मासा दोन टप्प्यांत जुळवून घेतो. एकदम सगळं बदललं तर नव्या पाण्याच्या धक्क्यानंच तो जातो.

हे आकडे दोन्हींना लागू. नायट्राइट असेल तर जोडीला साधं खडे मीठ, लिटरमागे १ ग्रॅम, म्हणजे आपल्या ४५ लिटरला ४५ ग्रॅम. बादलीत विरघळवून दिवसभरात तीन वेळा विभागून घाला. नायट्राइट रक्तात शिरून ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद मारतो. म्हणून फुगे असूनही मासा धापा टाकतो. मिठातला क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पुढे पाणी बदलताना जितकं पाणी काढलं तितक्याच पाण्यापुरतं मीठ परत घाला.

अमोनियाच्या आकड्याला पीएचची (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) जोड आहे. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियातला शंभरात एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच ८ ला तो पाच भागांवर जातो. म्हणून तोच आकडा एका घरी चालून जातो आणि दुसऱ्या घरी मासे मारतो. टाकीत संगमरवराचे तुकडे, शिंपले, चुनखडी असेल तर पीएच हळूहळू चढतो. शंका असलेला दगड बाहेर काढून त्यावर लिंबू पिळा. फसफसला तर बाहेरच ठेवा. आपला काळा बेसाल्ट फसफसत नाही, तो चालतो. रंग सुटणारी रंगीत खडी नको.

६. स्पंज धुणं आणि पाणी बदलणं

महिन्यातून एकदा टाकी रिकामी करून, खडी नळाखाली चोळून, सगळं चकचकीत करणं म्हणजे दर महिन्याला नवी टाकी सुरू करणं. त्याऐवजी दर आठवड्याला पाव पाणी बदला, तळाची घाण पाइपनं ओढत. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा पिळा. तो तपकिरीच राहायला हवा. फिल्टरमध्ये दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच. उडून कमी झालेलं पाणी वरून भरणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. वाफ होऊन फक्त पाणी जातं, घाण आणि क्षार मागे राहतात.

७. तापमान

काचेच्या आत लावायचा थर्मामीटर घ्या. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात रात्रीचा पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो, आणि गप्पी, टेट्रा, एंजेल, फायटर यांना २४ ते २८ लागतं. लिटरला साधारण एक वॅट: ४५ लिटरला ५० वॅटचा हिटर. पाणी काढण्याआधी हिटर बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा. गरम काच उघडी पडली की तडकते. गोल्डफिशला हिटर नको. म्हणून गोल्डफिश आणि टेट्रा एका टाकीत ठेवणं मुळातच चूक.

नवा मासा आणल्यावर पिशवी न उघडता पंधरा मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग उघडून दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचं पाणी पिशवीत, चार वेळा. शेवटी जाळीनं फक्त मासा टाकीत, पिशवीतलं पाणी मोरीत.

८. आता रोग

पांढऱ्या ठिपक्यांचं औषध फक्त रोगजंतूच्या पाण्यात सुट्या फिरणाऱ्या पिलांवर चालतं, अंगावरच्या ठिपक्यावर नाही. म्हणून दोन दिवसांत ठिपके गळाले की उपचार थांबवणारे पुढच्या आठवड्यात पुन्हा फसतात. तापमान दिवसाला दोन अंश चढवत ३० पर्यंत न्या, फुगे वाढवा, मीठ लिटरमागे २ ग्रॅमपर्यंत दोन दिवसांत विभागून, आणि हे दहा ते चौदा दिवस. आधी नायट्राइटसाठी मीठ घातलं असेल तर ते या दोन ग्रॅममध्ये धरा. सकर, कोरीडोरास आणि जिवंत रोपं मीठ सोसत नाहीत. गोल्डफिशला एवढी उष्णता नको.

मेथिलिन ब्लू आणि प्रतिजैविकं मुख्य टाकीत घालू नका. फिल्टरमधले जिवाणू त्यांनी मरतात आणि पाचव्या पायरीपासून पुन्हा सुरुवात होते. आजारी मासा वेगळ्या बादलीत, एअर स्टोनसह.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या किंवा झटका बसला: बोर्डावरचा मेन स्विच बंद, हात पुन्हा पाण्यात नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा. टाकीच्या लाइनला ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे का हेही त्याला विचारा. वायर पिनपाशी जाण्याआधी खाली लोंबती ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही.

सांध्यातून पाणी पाझरतंय किंवा काच फुगलेली दिसतेय: मासे बादलीत हलवा, पाणी उतरवा, टाकी बनवणाऱ्याला दाखवा. बाहेरून सिलिकॉन थापून गळती थांबत नाही. नवं सिलिकॉन किमान ४८ तास वाळायला हवं, आणि ते बुरशीरोधक प्रकारचं नसावं.

अमोनिया-नायट्राइट सलग दोन दिवस शून्य आहेत, तापमान ठीक आहे, तरी अंगावर लाल व्रण, फुगलेलं पोट, उभे राहिलेले खवले दिसतात आणि मासे जातच आहेत: घरी औषधांचे प्रयोग थांबवा. माशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाला किंवा मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयाला विचारा. जाताना टाकीतलं एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत, तारखांचा तो कागद आणि आजारी माशाचा फोटो न्या. मेलेला मासा दाखवायचा असेल तर ताजाच, बर्फावर. काही तासांनी त्यातून काहीच कळत नाही.

टाकीत काम करताना हाताला जखम होऊन ती आठवड्यानुआठवडे भरत नसेल, गाठ येत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि घरी फिश टँक आहे हे आवर्जून सांगा. माशांमधले काही जिवाणू माणसाच्या कातडीतही घर करतात.

सगळेच मासे गेले असतील तर टाकी फोडू नका, विकूही नका. फिल्टर चालू ठेवा, रोज चिमूटभर दाणे टाका, म्हणजे जिवाणूंना खायला मिळेल. किटवर अमोनिया आधी वर जाईल, मग उतरेल, नंतर नायट्राइट तसाच. दाणे टाकत असतानाही दोन्ही आठवडाभर शून्य राहिले की निम्मं पाणी बदला आणि तीन डॅनिओ आणा. रोगानं गेले असतील तर मात्र त्याआधी महिनाभर टाकी माशांविना चालू द्या.